मरियमने दिलेली साक्ष

नवापूरच्या पश्चिमेला डोंगर उतरत उतरत गुजरातच्या हद्दीत शिरतात. त्या उतारावरच्या एका पाड्यात मरियम गावित राहायची. तिची हकिकत मला तिच्या लेकीने, सुसानाबाईंनी सांगितली. तीही तुकड्यातुकड्याने, तांदूळ निवडता निवडता, मध्येच उठून कोंबड्या हाकलत. "लोक म्हणतात, मरियम भोळी होती," त्या म्हणाल्या. "भोळी वगैरे काही नव्हती माझी माय. तिने सूड घेतला, आणि सगळ्या मंडळीच्या देखत घेतला. कुणाला कळलंसुद्धा नाही."

पाड्यात मिशन आलं ते मरियमच्या लहानपणी. गोरे साहेब घोड्यावरून यायचे, आंब्याखाली बसून गीतं शिकवायचे, तापाची औषधं द्यायचे. आधी दोन-चार घरं ख्रिस्ती झाली, मग निम्मा पाडा. नियम साहेबांनी घातले, पण ते कडक केले पाड्यातल्याच पंचांनी. मोहाची दारू बंद, विडी-तंबाखू बंद, ढोल बंद, नाच बंद, होळीला जाणं बंद, भगताची पायरी चढणं बंद. जो चुकेल त्याने रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून आपलं पाप बोलायचं. मग मंडळी त्याच्यासाठी रडायची, प्रार्थना करायची आणि त्याला जवळ घ्यायची. जो बोलणार नाही तो मंडळीबाहेर. त्याच्या शेतात कुणी हात लावायचा नाही, त्याच्या ओट्यावर कुणी बसायचं नाही, तो समोरून आला तर वाट बदलायची.

पंचांमध्ये पुढे होता पौलस. धंद्याने सुतार, आवाज खणखणीत. पाड्यातला पहिला बाप्तिस्मा त्याचा. प्रार्थनाघराचे सागाचे खांब त्यानेच घडवले होते. भिंती कुडाच्या, वर गवताचं छप्पर, पण ते खांब बघायला दुसऱ्या पाड्यांतून माणसं यायची.

मरियमचा नवरा सुकराम हा आधी ढोल वाजवायचा. होळीच्या दिवसांत त्याला चार-चार गावांची बोलावणी असत. मरियमशी लग्न करायचं म्हणून त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि त्या दिवशी स्वतःच्या हाताने ढोल उचलून पौलसच्या अंगणात नेऊन ठेवला. पौलसने लाकूड तासायच्या वाकसाने त्याचं कातडं फाडलं. सुकराम बघत उभा राहिला. नंतर मरियमला एवढंच म्हणाला, "बैलाचं कातडं होतं, चांगलं कमावलेलं."

तो मंडळीत नीट वागला. सुसाना झाली. पण पाच-सहा वर्षांनी एका होळीला त्याला राहवलं नाही. पलीकडच्या टेकडीवरून ढोल ऐकू येत होते आणि वाजवणारा ताल चुकत होता. दुपारी तो उठला आणि निघाला. मरियमने अडवलं नाही. त्याच दुपारी प्रार्थनाघराला आग लागली.

मंडळी तेव्हा साहेबांच्या बंगल्यावर उपासाच्या प्रार्थनेला जमली होती. धूर दिसला तेव्हा सगळे धावत आले. छप्पर खाली बसलं होतं आणि सागाचे खांब मशालींसारखे जळत होते. विहिरीचं पाणी कुठवर पुरणार? संध्याकाळ व्हायच्या आत राख झाली.

सुकराम दिवेलागणीला परतला. तोंडाला मोहाचा वास, हातांवर ढोलाच्या दोरीचे वळ. रविवारी पंचांनी त्याला आंब्याखाली उभं केलं.

"होळीला गेलो होतो," तो म्हणाला. "ढोल वाजवला. प्यायलो पण. ते माझं पाप. आग मी लावली नाही."

"बाप्तिस्मा झाल्यापासून तुझ्या पोटात राग होता," एक पंच म्हणाला. "ढोल फाडल्याचा."

"राग असता तर मी ढोल आणूनच दिला नसता."

तेव्हा पौलस उठला. म्हणाला, "मी याला प्रार्थनाघरामागून येताना पाहिलं. हातात पेटतं लाकूड होतं." आणि त्याच्या पाठोपाठ दलसिंग उठला. दलसिंग म्हणजे मरियमच्या शेजारचा, सुकरामबरोबर लहानाचा मोठा झालेला. तोही खाली बघत म्हणाला, "मी पण पाहिलं."

दोघांची साक्ष झाली. शास्त्रात दोन साक्षी पुरतात, असं पंच म्हणाले. सुकरामला सांगितलं, कबूल कर, रडून माफी माग, मंडळी तुला टाकणार नाही. तो म्हणाला, जे केलं ते बोललो. जे नाही केलं ते कसं बोलू? मंडळीने त्याला बाहेर काढलं. मिशनच्या जमिनीचा तुकडा तो कसत होता, तो गेला. मरियमला म्हणाले, तू आणि पोर राहा, तुमचा दोष नाही. मरियमने सुसानाला कडेवर घेतलं आणि नवऱ्याच्या मागे निघाली.

ते डांगाच्या बाजूला जंगलाच्या कुपावर, तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यावर, गेले. तिथे ठेकेदाराकडे सागाची तोड चालायची. पालापाचोळ्याचं झोपडं, दिवसभर कुऱ्हाड. पावसाळा संपता संपता सुकरामला हिवताप धरला. आधी एक दिवसाआड, मग रोज. त्याचे डोळे पिवळे झाले तेव्हा मरियम पोरीला दुसऱ्या एका तोडणाऱ्याच्या बायकोजवळ ठेवून पाड्याकडे पळत आली. मिशनच्या औषधाच्या पेटीत हिवतापावरचं कोयनेल असायचं. साहेब दौऱ्यावर गेलेले. पेटीची किल्ली पौलसकडे होती.

पौलस अंगणात नांगराला फाळ बसवत होता. मरियमने हात जोडले.

"पौलसदादा, थोडं कोयनेल द्या. मरतोय तो."

पौलसने फाळावर अजून एक घाव घातला. मग म्हणाला, "त्याने कबूल केलं का?"

"नाही केलं."

"मग माझ्या हातात काही नाही. पंचांनी ठरवलंय. आधी कबुली, मग औषध. तू येऊन सांग की त्याने कबूल केलं. त्याच क्षणी देतो."

मरियम तशीच माघारी गेली. सुकरामजवळ बसून तिने खूप विनवणी केली. "एकदा म्हण. एकच वाक्य. मला माहीत आहे तू नाही लावली. तरी म्हण."

"सुसानाला जन्मभर आग लावणाऱ्याची पोर म्हणतील," तो म्हणाला. "ते नको."

तो दोन रात्रींत गेला. कुपावरच्या माणसांनी त्याला एका नाल्याच्या काठाला पुरलं. आणि तेव्हा मरियमच्या मनात एक गोष्ट आली, ती मरेपर्यंत गेली नाही. पौलसच्या अंगणात उभी असताना तिने नुसतं खोटं सांगायला हवं होतं. केलं म्हणे त्याने कबूल, द्या कोयनेल. जंगलात कोण येणार होतं विचारायला? पण त्या वेळी तिला ते सुचलंच नाही. मंडळीने तिला लहानपणापासून खोटं बोलू नये असं शिकवलं होतं, आणि ती चांगली शिकली होती.

विधवेला मंडळीने परत घेतलं. बापाच्या दोन खाचरांवर ती पोट भरू लागली. जळक्या जागेवर घातलेल्या कुडाच्या खोपटात आता प्रार्थना व्हायची. वर्षभर तिला तिथे सगळ्यांत मागे, दाराजवळच्या चटईवर बसवलं, कारण ती बहिष्कृताबरोबर गेली होती. नंतर ती शिक्षा संपली तरी ती तिथेच बसायची. तिथून पंचांची पाठ दिसायची.

अशी काही वर्षं गेली. एका उन्हाळ्यात बाहेरून एक उपदेशक आले आणि आंब्याखाली आठवडाभर सभा चालल्या. लोक उठून आपापली पापं बोलत होते. कुणी चोरून प्यायलेलं, कुणी भगताकडून दोरा बांधून घेतलेला. शेवटच्या दिवशी दलसिंग उठला. उठतानाच रडत होता.

"मी सुकरामला पाहिलं नव्हतं," तो म्हणाला. "मी खोटी साक्ष दिली. मी पण त्या दिवशी होळीला गेलो होतो. मला वाटलं, माझं नाव येईल. पौलसदादा बोलले, म्हणून मी त्यांच्या मागून बोललो. सुकराम माझा मित्र होता. मी त्याला मारला."

सभेत हुंदके फुटले. बाया रडल्या, पंचांनी दलसिंगला मिठी मारली, गीत सुरू झालं. कुणीतरी मरियमला उठवून पुढे ढकललं. "हात दे त्याला, मरियम. माफ कर. देव बघतोय." तिने हात दिला. दलसिंगने तो दोन्ही हातांत धरून डोळ्यांना लावला, आणि तिचा हात ओला झाला. तिने तो पदराखाली घेतला. लोकांना वाटलं, बाईला भरून आलंय.

मग पंगत बसली. दलसिंग जेवायला बसला आणि मरियम त्याच्याकडे बघत राहिली. त्याने भात मागितला, डाळ मागितली, पुन्हा भात मागितला. चेहरा धुतल्यासारखा झाला होता. शेजारच्याशी हसून बोलला. त्या दिवशी मरियमला कळलं की कबूल केलं की भूक लागते. तिचा नवरा नाल्याकाठी, आणि याला भूक लागलेली.

पंचांनी नंतर ठरवलं की दलसिंगची साक्ष गेली तरी पौलसची उरते, आणि पौलस खोटं बोलणार नाही. सुकरामवरचा डाग तसाच राहिला. पण त्या पंगतीत मरियमने अजून एक पाहिलं होतं. पौलसच्या पानावरचा भात जसाच्या तसा होता.

तो लावणीच्या दिवसांत आला. मरियम गुडघाभर चिखलात भाताची रोपं लावत होती. पौलस बांधावर उभा राहिला, मग खाली बसला.

"मरियम, मला तुला सांगायचंय."

ती लावतच राहिली.

"आग माझ्यामुळे लागली. मी प्रार्थनाघरामागे विडी ओढत होतो. मी चोरून ओढायचो. कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला आणि मी जळती विडी छपराच्या गवताच्या पेंढ्यांत खुपसली. कोण होतं बघायला गेलो, मग प्रार्थनेला उशीर होतोय म्हणून तसाच बंगल्यावर गेलो. विसरलो. धूर दिसला तेव्हा आठवलं."

मरियम सरळ झाली. हातातली रोपं तिने पाण्यात सोडली.

"एका विडीसाठी?"

"मीच सगळ्यांच्या विड्या काढून घ्यायचो. मी काय तोंड दाखवणार होतो? सुकराम होळीला गेलेला सगळ्यांना माहीत होतं. त्याच्यावर आधीच आलं होतं. मला वाटलं, तो रडेल, माफी मागेल, त्याला परत घेतील. तो कबूल करील असंच मला वाटलं."

"कोयनेल मागायला आले तेव्हा तुला माहीत होतं, तो का कबूल करत नाही ते."

"हो."

"तरी विचारलंस, कबूल केलं का."

पौलसने मान खाली घातली. मग म्हणाला, "येत्या रविवारी मी उभा राहणार आहे. सगळं बोलणार आहे. आधी तुला सांगायला आलो."

मरियम बांधाजवळ आली. सुसानाबाई म्हणायच्या, मायने हा प्रसंग मला पुष्कळदा सांगितला आणि दर वेळी तिचा आवाज तसाच थंड व्हायचा.

"उभा राहा," ती म्हणाली. "सगळे रडतील. तुला मिठ्या मारतील. गीत म्हणतील. मला उठवून तुझा हात माझ्या हातात देतील. मग तू जेवशील. दलसिंग जेवला तसा. तुला ते पाहिजे."

"मला शिक्षा पाहिजे."

"शिक्षा मी देते. तू उभा राहिलास की मी पण उभी राहीन. सांगेन, हा खोटं बोलतोय. माझ्या नवऱ्याने मरताना माझ्याजवळ कबूल केलं होतं. मी त्याची बायको. लोक कुणाचं खरं मानतील?"

पौलस बांधावरून उठला. "तू तुझ्याच माणसाच्या नावाला..."

"त्याचं नाव तू आधीच घेतलंयस. आता त्याचं काय करायचं ते मी बघेन. तू जसा आहेस तसा राहा. पंच राहा. पुढे बस. लोकांना चूक-बरोबर सांग. मी मागे बसून ऐकेन."

पौलस त्या रविवारी उभा राहिला नाही. पुढच्याही नाही.

त्यानंतर पाड्याने दोन अपराधी माणसं शेजारी शेजारी पाहिली, पण त्यांतला एकच अपराधी आहे असं पाड्याला वाटायचं. दलसिंग आपल्या खोट्या साक्षीची गोष्ट सभांमधून सांगू लागला. आधी रडत सांगायचा, मग सराईतपणे. दुसऱ्या गावच्या मंडळ्या त्याला बोलवू लागल्या. त्याला पोट सुटलं. रस्त्यात मरियम भेटली की तो मोठ्याने "सलाम, ताई" म्हणायचा, जणू दोघांनी मिळून काही चांगलं काम केलं होतं. मरियम त्याचा तिरस्कार करायची, पण नुसता, पायात रुतलेल्या काट्याचा करावा तेवढा.

पौलसचं वेगळं होतं. तो वाळत गेला. कुणाचा नांगर मोडला की न बोलावता जाऊन दुरुस्त करायचा. गोडधोड खायचा नाही. लोक म्हणायचे, बघा किती नम्र झालाय. मरियमच्या शेताचा बांध पावसात फुटला तेव्हा ती सकाळी जाऊन बघते तर पौलस दगड रचून बांध घालत होता. तिने त्याचं काम पुरं होऊ दिलं. तो हात धुवायला नाल्यावर वळला तसं तिने कुदळ उचलली आणि त्याच्या देखत तो बांध पुन्हा फोडला. पाणी भसाभसा खालच्या खाचरात गेलं. तिचं त्या वर्षी निम्मं भात गेलं, तिला त्याचं काही वाटलं नाही.

आणि जिथे जिथे मान असेल तिथे ती पौलसचं नाव सुचवायची. मंडळीच्या बैठकीत बाया सहसा बोलत नसत, पण मरियम मागून उठून म्हणायची, "पौलसदादांनाच मुख्य पंच करा. त्यांच्यासारखा खरा माणूस नाही." लोक माना डोलवायचे. ज्या बाईच्या नवऱ्याविरुद्ध त्याने साक्ष दिली तीच हे म्हणते, म्हणजे केवढं मन! पौलसचा चेहरा मातीसारखा व्हायचा. सुसानाचं लग्न ठरलं तेव्हा मरियमने हट्टाने आशीर्वाद त्याच्याकडूनच देववला. सुसानाच्या डोक्यावर हात ठेवताना त्याला शब्द सापडेनात. मरियम समोर बसून वाट बघत राहिली, तो पूर्ण करीपर्यंत.

सुसाना सासरी गेली, दोन टेकड्यांपलीकडे. सासू कालीबाई कामाची, पण जिभेने तिखट. चुलीतला निखारा बाहेर उडाला की म्हणायची, "जरा जपून गं. तुझ्या बापाचा हात आहे तुझ्यात." जावा हसायच्या. सुसाना मायला सांगायची आणि मरियम ऐकून घ्यायची. एकदाही म्हणाली नाही की हे खोटं आहे आणि मला माहीत आहे.

नवं प्रार्थनाघर उभं राहिलं ते विटांचं, कौलारू, खिडक्यांना काचा. उद्घाटनाला नवापूरपर्यंतच्या मंडळ्या येणार होत्या. त्याच्या आदल्या आठवड्यात पौलस चालत सुसानाच्या सासरी गेला. तिला अंगणात बाजूला घेऊन त्याने सगळं सांगितलं. "तुझ्या बापाने काही केलं नव्हतं, पोरी. मी उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर बोलणार आहे. तुझी माय काय म्हणेल ते म्हणो. मला आता राहवत नाही."

सुसाना त्याच्यावर रागावली नाही. तिला तेव्हा रागावायला सुचलंच नाही, इतका आनंद झाला. ती आदल्या दिवशी माहेरी आली, नवरा आणि सासूलाही घेऊन आली. तिने मायला मिठी मारली. "माय, बाबांचं नाव धुतलं जाणार उद्या. सासूच्या समोर!"

मरियम चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "तुला त्याने सांगितलं?"

"सगळं सांगितलं. तुला माहीत होतं?"

"जेव," मरियम म्हणाली. "भाकरी गार होतेय."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघर खचाखच भरलं. गीतं झाली, पाळकबाबांचा उपदेश झाला. मुख्य पंचाने आभार मानायचे होते. पौलस उठला, आणि आभाराऐवजी त्याने विडीपासून सुरुवात केली. गवताच्या पेंढ्या, खोटी साक्ष, औषधाच्या पेटीची किल्ली, सगळं. आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता, पण शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेला. "सुकराम निर्दोष होता. जाळणारा मी, आणि मारणारा मी."

दलसिंग तोंड उघडं टाकून बघत होता. आणि दाराजवळच्या चटईवरून मरियम उठली.

"पौलसदादा खोटं बोलतायत," ती म्हणाली.

सगळ्या माना मागे वळल्या.

"माझ्या दुःखाने त्यांचं मन फार वर्षं जळतंय. माझा भार हलका व्हावा म्हणून ते हे बोलतायत. पण मी देवाच्या घरात उभी आहे. सुकरामने मरताना माझ्याजवळ कबूल केलं होतं. आग त्यानेच लावली. मी आजवर लपवलं, त्याची माफी मागते."

मंडळीत एक मोठा उसासा उठला. मग बाया रडू लागल्या. पाळकबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, दुसऱ्याचं पाप आपल्या खांद्यावर घेणारा असा माणूस आपल्यात आहे, हे आपलं भाग्य. पंचांनी पौलसला धरून खाली बसवलं. तो म्हणत होता, नाही, नाही, ऐका. कुणी ऐकलं नाही. गीत सुरू झालं होतं.

मरियमने पुढे बघितलं. या क्षणाची तिने इतकी वर्षं वाट बघितली होती. ती सांगायची, त्या क्षणी तिला थंडीत शेकोटीजवळ गेल्यासारखं वाटलं. मग तिने बाजूला बघितलं. सुसानाची जागा रिकामी होती. कालीबाई मात्र बसली होती आणि शेजारणीला काही सांगत होती.

सुसानाने माहेर सोडलं. निरोप नाही, येणं-जाणं नाही. तिला मूल झालं ते मरियमला बाजारात दुसऱ्याकडून कळलं.

आणि पौलस? मरियमला वाटलं होतं, तो आता खचून मरेल. झालं उलटंच. त्याने पंचपद सोडलं. तो जेवू लागला. सकाळी रंगावली नदीवर जाऊन गळ टाकून बसायचा, मासे लागले तर वाटेत भेटेल त्याला वाटायचा. लोकांनी खरं मानलं नाही, याचं त्याला काही वाटेनासं झालं होतं. त्याला बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. मरियम त्याला नदीकाठी पाण्याकडे बघत बसलेला पाहायची आणि वाट बदलायची. त्याची भूक परत आली होती. तिची गेली होती. रात्री अंथरुणावर तिला कोयनेल मागणारा आपलाच आवाज ऐकू यायचा, आणि मग देवाच्या घरात साक्ष देणारा. जे खोटं बोलून नवरा वाचला असता ते ती तेव्हा बोलली नाही, आणि तो मातीत गेल्यावर बोलली.

काही वर्षं तिने तशीच काढली. मग एका सकाळी ती दोन टेकड्या ओलांडून कालीबाईच्या अंगणात गेली. जावा, शेजारणी, सगळ्या कामात होत्या. मरियम मध्ये उभी राहिली.

"कालीबाई, माझ्या माणसाने आग लावली नव्हती. पौलसने लावली. मी प्रार्थनाघरात खोटं बोलले."

कालीबाईने सूप खाली ठेवलं. "देवाच्या घरात एक बोललीस, माझ्या अंगणात दुसरं बोलतेस. कुठलं खरं मानू?"

"हे मान. ते मी पौलसला जाळायला बोलले."

"आणि लेक जळली त्याचं?"

सुसाना दारात येऊन उभी राहिली होती, कडेवर पोर. ती म्हणाली, "मला माहीतच होतं, माय. मला सांगायला कशाला आलीस?"

"तुला नाही. यांना."

कालीबाईने सूप बाजूला सारलं. तिखट बाई होती, पण सूड म्हणजे काय ते तिला कळत असावं. "बस," ती म्हणाली. "सुसाना, हिला चटई टाक." त्यानंतर चुलीतून निखारा उडाला तरी त्या घरात कुणी काही म्हणालं नाही. मरियमने पाळकबाबांनाही जाऊन सांगितलं. ते नवीन होते. म्हणाले, बाई, जुनं झालं, आता कशाला. पण ती बाजारात, लग्नात, जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगत राहिली. काहींनी मानलं, काहींनी म्हातारी बहकली म्हटलं.

पौलस आजारी पडला तेव्हा लढाई चालू होती आणि नवापूरच्या स्टेशनवरून सोजिरांच्या, गोऱ्या शिपायांच्या गाड्या जात होत्या. तो उठत नाही असं ऐकल्यावर मरियम त्याच्या घरी गेली. सुसाना तेव्हा माहेरी आलेली होती. ती म्हणाली, "कशाला जातेस?"

"तो माफी मागेल," मरियम म्हणाली. "मला त्याला तोंडावर नाही म्हणायचंय."

ती त्याच्या खाटेजवळ दिवसभर बसली. पौलस शुद्धीवर होता. त्याने नदीला पाणी किती आहे ते विचारलं. यंदा मासा कमी झालाय म्हणाला. सुसानाच्या पोराचं नाव विचारलं. मग डोळे मिटून पडून राहिला, पुन्हा उघडले, पुन्हा नदीचंच बोलला. मरियम खाटेची कड घट्ट धरून बसली होती. दिवस मावळला तशी ती उठली. पौलसने तिच्याकडे बघून मान हलवली, पाहुण्याला हलवावी तशी. दुसऱ्या दिवशी तो गेला.

"मागितलीच नाही त्याने," घरी आल्यावर मरियम म्हणाली. ओट्यावर बसून तिने ते दोनदा म्हटलं.

"मागितली असती तर?"

"सांगितलं ना. नाही म्हटलं असतं."

"अजून?"

"अजून," मरियम म्हणाली. "सुकरामचं मला वाईट वाटतं. तुझं वाटतं. त्याचं नाही." मग ती उठली, पोराला सुसानाच्या कडेवरून घेतलं आणि खाचराकडे गेली, कारण भातावर पाखरं बसली होती.